वापरलेले चिप फोनकार्ड संगणकाची किल्ली म्हणून: कार्ड कधी ओळखले जाते, कधी नाही

संपलेले चिप फोनकार्ड रीडरमध्ये घातले की संगणक उघडतो आणि काढून घेतले की त्याला कुलूप लागते, अशी व्यवस्था ज्यांनी स्वतः उभारली आहे त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कालपर्यंत निमूटपणे चालणारे कार्ड आज ओळखले जात नाही, दोनदा काढून घातले की चालू लागते, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार होतो. कार्ड बदलले, रीडर बदलला, प्रोग्राम नव्याने लिहिला, तरी तक्रार मिटत नाही. कार्डातून वाचलेला ओळख क्रमांक आधी नोंदवून ठेवलेल्या क्रमांकाशी जुळला तरच संगणक उघडतो; शेवटी कंटाळून अनेक जण या तुलनेतच सूट देतात, म्हणजे क्रमांकाच्या चौसष्टपैकी साठ बिट (शून्य किंवा एक असे अंक) जुळले तरी कार्ड मान्य करतात, आणि मग तक्रार खरोखरच थांबते. माझ्या मते हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. तो मीही केला होता. त्याची फजिती पुढे सांगतो.

आधी कार्डाच्या आत काय आहे हे नीट पाहिले पाहिजे, कारण दोष शोधण्याची सगळी दिशा त्यावरून ठरते. या कार्डांना सरसकट स्मार्ट कार्ड म्हटले जात असले तरी त्यांच्यात प्रोसेसर नसतो. रोलां मोरेनो यांनी १९७४ साली फ्रान्समध्ये ज्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला, ती मुळात एका लहानशा स्मृतीची आणि तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या तर्कमंडलाची होती, आणि १९८० च्या दशकात सार्वजनिक फोनांसाठी निघालेली कार्डे त्याच वळणावर गेली. जर्मनीत आणि इतरत्र मोठ्या प्रमाणावर वापरलेली सीमेन्सची एसएलई ४४०६ ही चिप घेतली तर तिच्यात वाचण्याजोगे एकूण १०४ बिट असतात. त्यांतले पहिले ६४ बिट ओळखीचे असतात आणि उरलेले ४० बिट म्हणजे शिल्लक युनिटांचा मोजक. पुढे आलेल्या एसएलई ४४३६ या चिपमध्ये २३७ बिट आहेत आणि फोनयंत्राने विचारलेल्या आव्हानाला उत्तर देण्याची सोयही आहे, परंतु त्या उत्तरासाठी लागणारी गुप्त संख्या कार्ड काढणाऱ्या कंपनीकडे असते, आपल्याकडे नसते. म्हणून घरगुती किल्लीसाठी दोन्ही चिपांचा उपयोग एकच उरतो, तो म्हणजे पहिले ६४ बिट वाचणे.

मोजक फक्त खाली उतरू शकतो, वर चढू शकत नाही. संपलेले कार्ड पुन्हा भरता येत नाही आणि येथे त्याची गरजही नाही. युनिटे संपली तरी ओळखीचे बिट जसेच्या तसे राहतात, आणि टाकाऊ कार्डाचा आपल्याला उपयोग होतो तो एवढ्याच कारणाने.

वाचण्याची रीत अशी आहे. रीसेटची (वाचन पहिल्यापासून सुरू करणारी) तार वर म्हणजे ५ व्होल्टवर ठेवून क्लॉकला, म्हणजे ठेका देणाऱ्या तारेला, एक पल्स (वर जाऊन खाली येणारा एक ठोका) दिली की आतला पत्ता शून्यावर येतो. मग रीसेट खाली आणायचा. या क्षणी शून्य क्रमांकाचा बिट आय-ओ तारेवर, म्हणजे माहितीच्या तारेवर, आधीच हजर असतो, त्यासाठी वेगळी पल्स द्यावी लागत नाही. त्यापुढे क्लॉकच्या प्रत्येक पल्सबरोबर पत्ता एकाने पुढे सरकतो आणि पुढचा बिट दिसू लागतो. येथे ना कोणता संदेश आहे, ना बेरजेचा ताळा, ना चूक सुधारण्याची सोय. कार्डाकडून आलेला बिट चुकला आहे की बरोबर आहे हे सांगणारे कार्डात काहीही नाही, आणि नेमके हेच लक्षात न घेतल्यामुळे एरवी हुशारीने लिहिलेले प्रोग्रामही फसतात.

चुकीचे वाचन जपून ठेवा

कार्ड नाकारले गेले की बहुतेक प्रोग्राम फक्त 'जुळले नाही' एवढे सांगून गप्प बसतात. सर्वांत आधी हे बदलावे. नाकारलेल्या प्रत्येक वाचनाचे सगळे बिट तारीख-वेळेसह एका फाइलमध्ये लिहून ठेवावेत आणि दोष सापडला की ती फाइल पुसून टाकावी. आठवडाभराच्या चुका एकाखाली एक ठेवल्या की दोष स्वतःच बोलू लागतो, कारण प्रत्येक दोषाची चूक करण्याची ढब वेगळी असते.

समजा, कार्डाचे पहिले सोळा बिट १०११ ००१० ०११० १००१ असे आहेत. नाकारलेल्या वाचनात ते ०११० ०१०० ११०१ ००१ असे सुरू झालेले दिसले, तर वरवर पाहता सगळेच बिघडल्यासारखे वाटते, आणि बिटाला बिट लावून मोजले तर निम्म्याच्या आसपास बिट चुकलेले निघतात. प्रत्यक्षात एकही बिट चुकलेला नाही. पहिला बिट गळून बाकी सगळी रांग एका घराने डावीकडे सरकली आहे. म्हणजे क्लॉकची एक पल्स जास्त मोजली गेली, किंवा रीसेटनंतर प्रोग्रामने आधी पल्स दिली आणि मग वाचले. प्रोग्रामची ही चूक कायमची असेल तर ती लपून राहते, कारण नोंदणीच्या वेळीही रांग तशीच सरकलेली असते आणि दोन्ही वेळची रांग एकमेकींशी जुळते. मग एके दिवशी तुम्ही वाचनाचा भाग सुधारून लिहिता आणि सगळी जुनी कार्डे एकदम परकी होतात. सरकणे कधीतरीच होत असेल तर मात्र दोष तारेत किंवा कॉन्टॅक्टमध्ये आहे. रांग मधूनच, म्हणजे तिसाव्या किंवा चाळिसाव्या बिटापासून सरकलेली दिसली, तर वाचन चालू असताना क्लॉकच्या तारेवर एक खोटी पल्स उमटली असे खुशाल समजावे.

दुसरी ढब पाहा. त्याच सोळा बिटांऐवजी १००१ ०००० ००१० ०००० असे आले. येथे रांग सरकलेली नाही, पण काही एकांची शून्ये झाली आहेत, आणि शून्याचा एक मात्र कुठेच झालेला नाही. आणखी बारकाईने पाहिले तर जो एक शून्यानंतर लगेच येतो तोच मेला आहे. एकामागून आलेला एक जिवंत आहे. हे पुल-अप रझिस्टर दुबळा असल्याचे लक्षण आहे. कार्ड आय-ओ तार खाली ओढू शकते, पण वर ढकलू शकत नाही. वर नेण्याचे काम बाहेरच्या रझिस्टरचे असते. तो रझिस्टर फार मोठ्या किमतीचा असेल, तार लांब असेल आणि क्लॉक वेगाने धावत असेल, तर शून्यावरून एकावर चढायला तारेला वेळच मिळत नाही आणि प्रोग्राम अर्ध्या वाटेवरच वाचून मोकळा होतो.

सगळेच बिट एक आले, तर कार्ड बोलतच नाही आणि प्रोग्राम केवळ पुल-अपने वर धरलेली तार वाचत आहे. कार्ड उलटे घातले आहे, व्हीसीसी म्हणजे कार्डाला लागणारी वीज पोहोचत नाही, किंवा रीसेट-क्लॉकपैकी एखादी तार तुटली आहे. सगळीच शून्ये आली तर आय-ओ तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, चिकटली आहे किंवा पुल-अप जोडायचाच राहिला आहे. ही दोन्ही लक्षणे सोपी आहेत आणि त्यांच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

आणि चुका फक्त चौसष्टाव्या बिटाच्या पुढे असतील, तर तो दोष नव्हे. तो मोजक आहे.

तारा, व्होल्टेज आणि वेग

घरी केलेले रीडर पूर्वी प्रिंटर पोर्टवर चालत असत. आता ते काम बहुधा आर्डुइनोसारखा एखादा लहान बोर्ड करतो. आयएसओ ७८१६ या चिपकार्डांच्या मानकात कार्डावरील कॉन्टॅक्टच्या जागांना क्रमांक दिलेले आहेत: सी१ म्हणजे व्हीसीसी, सी२ रीसेट, सी३ क्लॉक, सी५ जमीन आणि सी७ आय-ओ. सी६ ही जागा पूर्वी लेखनाच्या जादा व्होल्टेजसाठी होती. वाचनासाठी तिची गरज पडत नाही. फ्रान्सच्या पहिल्या पिढीच्या २५६ बिटांच्या कार्डांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांत रीसेटचे काम सी४ वर होते, सी२ वर लेखन-वाचन ठरवणारी तार होती, आणि काही कार्डांत चिपच नेहमीपेक्षा वरच्या अंगाला बसवलेली असे. अशी कार्डे वरच्या रीतीने बांधलेल्या रीडरमध्ये कधीच चालणार नाहीत. ती 'कधी चालतात, कधी नाही' या वर्गात मोडत नाहीत, म्हणून त्यांना बाजूला ठेवतो.

ही जुनी कार्डे ५ व्होल्टची आहेत. रास्पबेरी पायसारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ती थेट जोडली तर काही कार्डे चालतात, काही चालत नाहीत, आणि काही थंडीत चालून उन्हाळ्यात बंद पडतात. याला चालणे म्हणता येत नाही. उलट बाजूने पुल-अप ५ व्होल्टला बांधून आय-ओ तार सरळ ३.३ व्होल्टच्या पिनेला जोडली तर बोर्डाचे नुकसान होऊ शकते. मध्ये पातळी बदलणारे मंडल ठेवावे किंवा सरळ ५ व्होल्टचा बोर्ड घ्यावा. मी दुसरा मार्ग घेतला, कारण त्यात बिघडण्यासारख्या गोष्टी कमी आहेत.

आर्डुइनोच्या जुन्या बोर्डांवरील एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरमध्ये आतला पुल-अप असतो, पण त्याची किंमत २० ते ५० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकते. विलंब न टाकता नेहमीच्या पद्धतीने पिना वर-खाली केल्या तर क्लॉक १०० किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचते, म्हणजे एका अर्ध्या पल्सला जेमतेम पाच मायक्रोसेकंद मिळतात. तार आणि कॉन्टॅक्ट यांची मिळून धारिता २०० पिकोफॅरड धरली आणि रझिस्टर ३५ किलोओहमचा निघाला, तर तार चढण्याचा कालांक, म्हणजे चढण्याच्या वेळेचे माप, सात मायक्रोसेकंद होतो. वर दाखवलेले मेलेले एक नेमके येथून येतात. बाहेरून १० किलोओहमचा, किंवा तार लांब असेल तर ४.७ किलोओहमचा रझिस्टर आय-ओ आणि व्हीसीसी यांच्यामध्ये लावावा आणि प्रत्येक अर्ध्या पल्सनंतर ५० मायक्रोसेकंद थांबावे. क्लॉक १० किलोहर्ट्झवर येते आणि ६४ बिट वाचायला साडेसहा मिलिसेकंदही लागत नाहीत. मनुष्याला हा वेळ जाणवणे शक्य नाही. येथे वेगाचा हव्यास धरण्याचे खरोखर काहीच कारण नाही.

व्हीसीसी आणि जमीन यांच्यामध्ये, कॉन्टॅक्टच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. तो बोर्डावर असून चालत नाही, कार्डाजवळच हवा. रीडर ते बोर्ड ही तार २० सेंटीमीटरच्या आत ठेवावी, आणि क्लॉक व आय-ओ या तारा चपट्या केबलमध्ये शेजारी-शेजारी येऊ देऊ नयेत; त्यांच्यामध्ये जमिनीची तार ठेवली की मधूनच रांग सरकण्याचे प्रकार आश्चर्य वाटावे इतके कमी होतात.

कार्ड आत सरकताना

तारा निर्दोष असूनही तक्रार उरते, तेव्हा दोष घर्षणात असतो. कार्ड आत गेल्याचे सांगणारा लहान स्विच बहुतेक सॉकेटमध्ये शेवटच्या टोकाला असतो, आणि कार्ड त्याच्यावर टेकते त्या क्षणी कॉन्टॅक्टच्या पट्ट्या अजून थरथरत असतात. प्रोग्राम स्विच दाबला जाताच वाचायला धावला तर पहिले वाचन हमखास वाईट येते. त्यातच व्हीसीसी कायम चालू ठेवलेला असेल तर कार्ड सरकत असतानाच त्याला अर्धवट वीज, अर्धवट क्लॉक मिळत राहते.

म्हणून व्हीसीसी थेट ५ व्होल्टला न बांधता बोर्डाच्या एका पिनेवरून द्यावा. दुसऱ्या पिढीच्या या चिपांना लागणारा प्रवाह एवढा थोडा असतो की २० मिलिअँपिअर देणारी पिन त्यांना सहज पुरते. स्विच दाबला गेल्यावर ३०० मिलिसेकंद थांबावे. त्यानंतर रीसेट आणि क्लॉक खाली आहेत याची खात्री करून व्हीसीसी चालू करावा, काही मिलिसेकंद स्थिर होऊ द्यावा आणि मगच रीसेटची क्रिया करावी. वाचून झाले की क्लॉक आणि रीसेट खाली आणावेत, आय-ओचा पुल-अप सुटेल असे पाहावे आणि शेवटी व्हीसीसी बंद करावा. पुल-अप कायमच्या ५ व्होल्टला बांधला असेल तर कार्डाला आय-ओमधून चोरवाटेने वीज मिळत राहते आणि ते पुरते बंद होतच नाही; पुढच्या वाचनाला ते मग अर्धवट झोपेतून उठल्यासारखे वागते. पुल-अप त्याच बंद-चालू होणाऱ्या व्हीसीसीला बांधला की हा प्रश्न मिटतो.

वाचन संपताच वीज तोडण्यामागे आणखी एक कारण आहे. क्लॉक खाली असताना रीसेटची पल्स आली, तर या चिपा तिला रीसेट समजत नाहीत. ती लेखनाची तयारी ठरते, आणि त्यानंतरच्या क्लॉकने त्या पत्त्यावरील एकाचे शून्य होऊ शकते. आता क्लॉकचा कॉन्टॅक्ट मळलेला आहे असे धरा. प्रोग्राम आपल्या परीने रीसेट वर, क्लॉकची पल्स, रीसेट खाली असा योग्य क्रम पाळतो. पण मधली पल्स कार्डापर्यंत पोहोचतच नाही. कार्डाला दिसते ती क्लॉक खाली असतानाची रीसेटची पल्स. मागचे वाचन ६४ बिटांवर थांबलेले असेल आणि वीज तशीच चालू असेल, तर पत्ता मोजकाच्या पहिल्याच बिटावर उभा असतो. ओळखीचे बिट कारखान्यात कायमचे बंद केलेले असल्याने सुरक्षित राहतात, पण मोजकाचे बिट तसे नसतात. पूर्ण लेखनाला काही मिलिसेकंद लागतात, शिवाय संपलेल्या कार्डाच्या मोजकात खोडण्यासारखे फारसे उरलेले नसते, म्हणून दर वेळी काही बिघडते असे नाही. परंतु ज्यांनी थोडी युनिटे शिल्लक असलेले कार्ड किल्ली म्हणून नोंदवले आणि सगळ्या १०४ बिटांची तुलना ठेवली, त्यांचे कार्ड एके दिवशी कायमचे नाकारले जाते. ते कार्ड खराब झालेले नसते, तुलना चुकीच्या भागाची होत असते. मोजक किल्लीत घेऊच नये.

कॉन्टॅक्टची सफाई थोडक्यात सांगतो. फोनयंत्रांत वारंवार घातलेल्या कार्डांच्या सोनेरी पृष्ठभागावर पट्ट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा आणि त्यांत बसलेला काळा मळ भिंगाखाली स्पष्ट दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसावा. पेन्सिलच्या रबराने घासण्याची सवय अनेकांना आहे. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे मी ती टाळतो. जुन्या यंत्रातून काढलेल्या सॉकेटच्या पट्ट्या बसून गेल्या असतील तर मात्र सफाईने काही होत नाही, सॉकेटच बदलावे लागते.

दोष कार्डात-सॉकेटात आहे की इलेक्ट्रॉनिक्समध्ये, हे वेगळे काढण्याची एक साधी चाचणी आहे. कार्ड न हलवता शंभर वेळा वाचावे. मग तेच कार्ड वीस वेळा काढून घालून दर वेळी एकदा वाचावे. पहिली चाचणी स्वच्छ आणि दुसरी डागाळलेली निघाली तर कॉन्टॅक्ट आणि स्विचकडे वळावे. पहिलीतच चुका आल्या तर पुल-अप, वेग आणि तारा पाहाव्यात.

तयार रीडर वापरणाऱ्यांसाठी

बाजारातले यूएसबी रीडर मुख्यतः प्रोसेसर असलेल्या कार्डांसाठी बनवलेले असतात. त्यांत फोनकार्ड घातले की पीसी/एससी ही संगणक आणि कार्ड-रीडर यांना जोडणारी व्यवस्था कार्ड 'उत्तर देत नाही' असे म्हणते, कारण ती ज्या प्रकारच्या उत्तराची वाट पाहत असते ते ही कार्डे देतच नाहीत. त्यांचे वाचन समकालिक असते, म्हणजे क्लॉकच्या प्रत्येक पल्सला एक बिट. काही रीडर स्मृती-कार्डांसाठी वेगळी आज्ञा ओळखतात. तुमच्या रीडरच्या माहितीपुस्तिकेत एसएलई ४४०६ किंवा ४४३६ यांचा उल्लेख नसेल तर चालक-प्रोग्राम बदलत बसू नये, तो रीडर बाजूला ठेवावा.

समकालिक कार्डे ओळखणाऱ्या रीडरमध्ये एक मोह असतो. ते कार्डाचे पहिले ३२ बिट 'रीसेटचे उत्तर' म्हणून आयतेच हातात देतात, आणि तेच किल्ली म्हणून वापरणे फार सोयीचे वाटते. हे बिट अतिशय स्थिर असतात, कधीही चुकत नाहीत, आणि त्यामुळे तक्रारही उरत नाही. पण ओळखीच्या भागाची सुरुवात चिप बनवणाऱ्याच्या आणि कार्ड काढणाऱ्याच्या संकेतांनी होते. ते एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या कार्डांत सारखे असतात, आणि कार्डाचा स्वतःचा क्रमांक त्यांच्या मागून येतो. दोन वेगळी कार्डे घालून हे ३२ बिट तपासावेत. ते सारखे निघाले, तर तुमचा संगणक त्या जातीच्या कोणत्याही कार्डाने उघडतो आहे.

तुलनेतील सूट

आता माझी फजिती. मी तीन बिटांपर्यंतची चूक माफ केली होती. हिशेब असा होता की ६४ बिटांत तीनची सूट म्हणजे दुसरे कार्ड योगायोगाने जुळण्याची शक्यता नगण्य. एका संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा चाळताना त्यातले दुसरेच एक कार्ड सहज आत घातले आणि पडदा उघडला. दोन्ही कार्डांचे बिट एकाखाली एक मांडले तेव्हा त्यांत फक्त दोन बिटांचा फरक होता.

हिशेबात चूक नव्हती, गृहीत चुकीचे होते. ६४ बिट यदृच्छेने भरलेले असते तर तो बरोबर ठरला असता. येथे मात्र अर्धा भाग संकेतांचा, आणि उरलेल्या भागात क्रमाने वाढत जाणारे आकडे. एकाच खेपेत बनलेल्या, एकाच ठिकाणी विकल्या गेलेल्या कार्डांचे क्रमांक शेजारचे असतात, आणि शेजारच्या दोन संख्यांमध्ये बहुधा एक-दोनच बिटांचा फरक असतो. म्हणजे सूट द्यायला हरकत नाही असे वाटावे तेवढ्याच अंतरावर दुसरे कार्ड उभे असते. शिवाय सरकलेली रांग निम्मे बिट चुकवते, त्यामुळे सूट दिली तरी तो दोष झाकला जात नाही. झाकला जातो तो दुबळा पुल-अप, जो दोन रुपयांच्या वस्तूने खरोखरच बरा झाला असता.

सूट देण्याऐवजी पुनरावृत्ती ठेवावी. प्रत्येक वेळी पूर्ण रीसेट करून तीन वाचने घ्यावीत आणि तिन्ही अक्षरशः सारखी असतील तरच पुढे जावे. नसतील तर व्हीसीसी तोडून अर्धा सेकंद थांबून पुन्हा तीन घ्यावीत. दोन-चार फेऱ्यांत एकमत झाले नाही तर कार्ड नाकारावे आणि सगळी वाचने जपावीत. एकमत म्हणजे अचूकता नव्हे, हेही खरे: दुबळा पुल-अप तीनही वेळा तेच एक मारू शकतो. म्हणून नोंदणी करताना क्लॉक आणखी दहापट मंद ठेवून वाचावे आणि नेहमीच्या वेगाने आलेले वाचन त्याच्याशी जुळते का हे पाहूनच कार्ड नोंदवावे. त्याच जातीचे दुसरे कार्ड हाताशी असेल तर दोघांचे पहिले १६ बिट एकसारखे येतात का हेही पाहता येते. ते सरकलेले असतील तर लगेच कळते.

किल्ली किती पक्की

कार्डाचा क्रमांक गुप्त नसतो. ज्याच्या हातात ते मिनिटभर गेले त्याला तो वाचता येतो, आणि एखादा लहान मायक्रोकंट्रोलर कार्डाच्या आकाराच्या पट्टीवर बसवून तेच बिट पुन्हा ओकवता येतात. कार्डावर छापलेल्या क्रमांकाचे छायाचित्रही कोणाला दाखवू नये. म्हणून हे कार्ड पासवर्डची जागा घेते असे न मानता त्याच्याबरोबर एक लहान पिन ठेवावी आणि दोन्ही मिळून आर्गॉन२ सारख्या मुद्दाम मंद केलेल्या क्रियेतून किल्ली काढावी. साधा हॅश (क्रमांकावरून झटपट काढलेला ठसा) पुरेसा नाही: संकेतांचा भाग माहीत असला की उरतात त्या क्रमांकांच्या सगळ्या शक्यता साधा संगणकही चाळून काढू शकतो.

डिस्कच्या कूटबद्धतेसाठी ही किल्ली वापरत असाल तर एका बिटाची चूकही पूर्ण नकार ठरते, आणि तेच योग्य आहे. मात्र लक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या व्यवस्थेत, किल्ल्यांसाठी अनेक जागा असतात, पहिल्या आवृत्तीत ८ आणि दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत. त्यांतल्या एका जागेवर लांब पासवर्ड आणि दुसऱ्या जागेवर वेगळे कार्ड आजच नोंदवून ठेवावे. अशा स्मृतीत माहिती टिकण्याची हमी सामान्यतः १० वर्षांची दिली जाते आणि आपल्या हातातली कार्डे त्याहून कितीतरी जुनी आहेत. लिनक्सच्या पॅम फाइलींत (प्रवेशाची तपासणी ठरवणाऱ्या फाइलींत) बदल करताना रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, एक टर्मिनल उघडे ठेवावे आणि नवी व्यवस्था दुसऱ्या टर्मिनलमधून चार-पाच वेळा तपासल्याशिवाय ते बंद करू नये.

शेवटची एक किरकोळ तक्रार उरते: टेबलाला धक्का लागला की पडद्याला कुलूप लागते. हा दोष बिटांचा नाही, स्विचचा आहे. स्विच सुटल्याचे दिसताच लगेच कुलूप न लावता ३०० मिलिसेकंदांनी तो पुन्हा पाहावा, आणि तो सुटलेलाच असेल तर लावावे. स्विच पुन्हा दाबला गेलेला दिसला तरी त्यावर विसंबून राहू नये, कारण तेवढ्यात कार्ड बदललेले असू शकते; अशा वेळी तीन वाचने पुन्हा घ्यावीत आणि ती जुळली तरच पडदा उघडा ठेवावा.